अरुंद झडप आणि सिझरची भूल

सातव्या-आठव्या महिन्यात धाप लागली की घरात ऐकायला मिळतं, ‘दोन जिवांची आहे, दम लागणारच.’ बऱ्याचदा ते खरंही असतं. पण रात्री आडवं पडल्यावर जीव घुसमटून उठून बसावं लागत असेल, तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायलाच हवा. आणि पेठ-सुरगाण्याहून घाट चढून नाशिक गाठायचं असेल, तर कळा सुरू होण्याआधी.

अशा काही जणींना लहानपणी घसा बिघडून, मग सांधे सुजवणारा ऱ्हुमॅटिक ताप आलेला असतो. त्यात हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप आखडते. एरवी ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असणारी वाट १.५ वर आली की आजार गंभीर. एवढ्या फटीतून रक्त पुढे सरकायला वेळ लागतो. नाडी १२० वर गेली की तो वेळच उरत नाही, रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं. त्यात गरोदरपणात रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं.

म्हणून सिझरसाठी नेहमीच्या मात्रेची, कमरेतून एका दमात दिलेली स्पायनल भूल इथे धोक्याची. रक्तवाहिन्या काही मिनिटांत सैलावतात, बीपी कोसळतं, नाडी धावते. त्याऐवजी कमरेतून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर एपिड्युरलची बारीक नळी घालून एका वेळी ३ ते ५ मिली औषध देतात. थांबायचं, मनगटाच्या धमनीतल्या सुईवरून बीपी पाहायचं, स्पिरिटचा बोळा पोटावरून वर नेत गार कुठवर लागतं ते विचारायचं, मग पुढचा डोस. भूल छातीपर्यंत चढायला २०-३० मिनिटं लागतात. ती लागू द्यावीत. बीपी उतरलंच तर ते वर आणायला फेनिलेफ्रिन हे औषध बरं, त्याने नाडी वाढत नाही.

रक्त पातळ करणारं हेपॅरिनचं इंजेक्शन चालू असेल, तर शेवटचं किती वाजता घेतलं ते भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. लो-मॉलिक्युलर या प्रकारच्या हेपॅरिनच्या कमी मात्रेनंतर १२ तास, पूर्ण मात्रेनंतर २४ तास गेल्याशिवाय कमरेत सुई घालत नाहीत. तिथे रक्त साचलं तर मज्जारज्जू दबतो. थांबणं शक्य नसेल तर पूर्ण भूल द्यावी लागते. तेव्हा श्वासनळीत ट्यूब घालताना नाडी उसळू नये म्हणून आधी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक, देतात. त्याने बाळ सुस्त निघू शकतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ शेजारी उभे हवेत.

बाळ रडलं की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, पण आईची कठीण वेळ तेव्हाच सुरू होते. गर्भपिशवी आवळली की तिच्यातलं ३०० ते ५०० मिली रक्त एकदम हृदयाकडे येतं. गर्भपिशवी आवळायला दिलं जाणारं ऑक्सिटोसिन झटक्यात दिलं तर बीपी पडतं, म्हणून ते पंपावर, हळूहळू. त्याच कामाचं मेथर्जिन शक्यतो टाळतात, कारण त्याने फुप्फुसांतला दाब वाढतो. सलाइनही मोजूनमापून. पुढचे ४८ ते ७२ तास तिला आयसीयूतच ठेवावं, बाळ कितीही गुटगुटीत असलं तरी.