वाघ-बकरी: चौकोनी पट की त्रिकोणी?

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर खडूने पट आखा किंवा नेरूळच्या एखाद्या सोसायटीत जिन्याखाली बसा, 'वाघ-बकरी खेळू या' असं कुणी म्हटलं की आधी एक प्रश्न विचारावा: चौकोनी की त्रिकोणी? चौकोनी पट म्हणजे नेपाळचा बाघचाल. त्रिकोणी पट दक्षिणेकडचा. तमिळ घरात तो आडु पुलि आट्टम, तेलुगू घरात पुलिजूदम. आपल्याकडे ही सगळी मंडळी एकाच इमारतीत राहतात, त्यामुळे गोंधळ ठरलेलाच.

दोन्हींत वाघ थोडे आणि बकऱ्या पुष्कळ. सोंगटी चौकटीत नाही, रेघा जिथे मिळतात त्या बिंदूवर बसते. वाघ शेजारच्या बकरीवरून सरळ रेघेत पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारतो आणि ती बकरी पटावरून उचलतो. बकऱ्या मारत नाहीत, कोंडतात. साम्य इथवरच.

चौकोनी पट आखायला २० सेंटिमीटरचा चौकोन घ्या, ५-५ सेंटिमीटरवर उभ्या-आडव्या रेघा मारा. २५ बिंदू झाले. मग दोन मोठे कर्ण आणि चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा तिरका चौकोन. तिरप्या रेघा एवढ्याच. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक याच रेघांवर होते: ज्या बिंदूतून तिरपी रेघ जात नाही तिथूनही ते तिरपी चाल करतात. पटाच्या ऐन मध्यातून आठ दिशांना जाता येतं, पण त्याला सरळ लागून असलेल्या चार बिंदूंवरून फक्त चारच.

वाघ ४, सुरुवातीला चार कोपऱ्यांत. बकऱ्या २०, चिंचोके छान चालतात. पहिली पाळी बकरीची. एकेक बकरी पटावर ठेवायची आणि सगळ्या २० उतरेपर्यंत बसवलेली बकरी हलवायची नाही. वाघ मात्र पहिल्या पाळीपासून हिंडतो, मारतो. पाच बकऱ्या मेल्या की वाघ जिंकला.

पहिली बकरी कुठे ठेवायची, याकडे नीट बघा. रिकामे बिंदू २१, त्यांतल्या १२ ठिकाणी ती लगेच मरते, कारण ते बिंदू कोपऱ्यातल्या वाघाला लागून आहेत आणि पलीकडचं घर रिकामं आहे. बाजूच्या मध्यावर ठेवलेली बकरी टिकते. तिच्या शेजारी वाघ येऊन बसला, तर पुढची बकरी पलीकडच्या घरात टाकून उडी अडवता येते.

त्रिकोणी पटावर शेंड्यातून चार रेघा पायापर्यंत उतरतात. त्यांना तीन आडव्या रेघा छेदतात आणि दोन्ही बाजूंना थोड्या बाहेर येतात. त्यांची टोकं उभ्या रेघेने जोडायची. पायालाही एक रेघ. बिंदू २३, वाघ ३, बकऱ्या १५. इथे वाघ आधी मांडायचे की पाळीपाळीने उतरवायचे, आणि किती बकऱ्या मेल्यावर डाव संपला, हे घराघरांत वेगळं असतं. खेळ मांडतानाच ठरवून घ्या, नाहीतर भांडण अटळ आहे.

खरा फरक कोंडण्यात आहे. वाघ कोंडला म्हणजे त्याच्या शेजारचं प्रत्येक घर भरलेलं आणि त्याच रेघेत पलीकडचंही भरलेलं. चौकोनी पटाच्या कोपऱ्यातून तीन रेघा निघतात, म्हणून एका वाघाला सहा सोंगट्या लागतात. त्रिकोणी पटाच्या पायाच्या कोपऱ्यात दोनच रेघा, म्हणून चार पुरतात. उलट शेंड्यावरचा वाघ कोंडायला आठ लागतात, म्हणजे पंधरातल्या निम्म्याहून जास्त. त्यामुळे त्रिकोणी पटावर बकऱ्यांनी वाघाला खाली, कडेला ढकलावं. शेंडा मोकळा मिळाला की तिथे बकरी बसवावी: शेंडा चारही रेघांचं टोक आहे, त्यामुळे तिथली बकरी मरूच शकत नाही. एका तिरक्या रेघेवरून शेंड्यापलीकडे दुसऱ्या रेघेवर उडी मारणं चूक आहे, कारण ती सरळ रेघ नव्हे. चौकोनी पटावर खेळलेली मुलं हीच उडी हटकून मारतात.

चौकोनी पटावर चारही वाघ कोपऱ्यांतच कोंडायचे तर १७ बकऱ्या लागतात, पटाच्या ऐन मध्यावरची धरून. म्हणजे या मार्गाने जिंकायचं असेल तर फक्त तीन गमावायची मुभा. चौथी गेली की कोपऱ्यांचा नाद सोडावा आणि वाघांना दुसरीकडे, एकमेकांच्या अंगावर अडकवायला बघावं. वाघ वाघावरून उडी मारत नाही, तेव्हा शेजारी उभा राहिलेला वाघही त्या रेघेवर बकऱ्यांचंच काम करतो.