इंग्लंडची फॅमिली ट्रिप : व्हिसाचा अर्ज आणि कागदपत्रं, विशेषतः आई-बाबांना नेणार असाल तर

आम्ही सहाजण गेलो होतो, मी, बायको, दोन मुलं आणि आई-बाबा. टॉवर ऑफ लंडन, विंडसरचा किल्ला, बाथची रोमन स्नानगृहं, स्टोनहेंज असं सगळं बघायचं होतं. ओळखीतले बरेच जण व्हिसाचं विचारतात म्हणून एकदाच नीट लिहितोय.

भारतीय पासपोर्टवर फिरायला जायचं तर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा काढायचा. त्यावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं, आणि याच व्हिसावर एडिनबरापण होतं. पण शेंगेन व्हिसा (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला) इथे चालत नाही आणि हा व्हिसा पॅरिसला चालत नाही, त्यामुळे दोन्ही करायचं असेल तर दोन वेगळे अर्ज. इंग्रजीची परीक्षा किंवा टीबीची टेस्ट या व्हिसाला लागत नाही. अमेरिकन पासपोर्टवाले नातेवाईक सोबत येणार असतील तर त्यांना व्हिसा नको, पण ईटीए (प्रवासाआधी ऑनलाइन काढायची परवानगी) आधी काढायला सांगा.

सगळ्या घराचा मिळून एक फॉर्म असं काही नसतं. तान्ह्या बाळाचासुद्धा वेगळा फॉर्म आणि वेगळी फी. फॉर्म ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवरच भरायचा, प्रवासाच्या तीन महिने आधीपासून भरता येतो, आणि बायोमेट्रिक (बोटांचे ठसे आणि फोटो) झाल्यावर साधारण तीन आठवड्यांत निर्णय येतो. फी बदलत असते त्यामुळे भरायच्या दिवशी तिथेच बघा. विमानाची नॉन-रिफंडेबल तिकिटं व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका, प्लीज.

आता पैशाची बाजू, बहुतेकांचं इथेच अडतं. खात्यात खूप रक्कम हवी असं नाही, पण ती कुठून आली ते कागदावर दिसलं पाहिजे. नोकरीवाल्यांचं सोपं आहे, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सॅलरी स्लिप, आयटी रिटर्न आणि ऑफिसचं रजा मंजूर केल्याचं पत्र. बाबांचं तसं नव्हतं. त्यांचं उत्पन्न शेतीचं, रिटर्नमध्ये फारसं काही दिसत नाही, आणि स्टेटमेंटमध्ये मधेच एकदम उसाच्या बिलाची मोठी रक्कम जमा झालेली. अशी अचानक आलेली रक्कम बघून कुणालाही शंका येणारच. म्हणून आम्ही कारखान्याचं बिल, सातबारा आणि अर्ध्या पानाचं साधं पत्र जोडलं की हे पैसे या उसाचे आहेत. खर्च मी करणार होतो, त्यामुळे माझं स्टेटमेंट आणि मी खर्च करतोय असं पत्र आई-बाबांच्या अर्जालाही लावलं.

सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. घरी टाइप करून चालत नाही. भाषांतर अचूक असल्याचं भाषांतरकाराने लिहून द्यावं लागतं, खाली तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क. आमच्या पहिल्या भाषांतरात तारीखच नव्हती, परत करून घ्यायला दोन दिवस गेले. बिलाचंही तसंच.

मुलांचे जन्मदाखले जोडा. आई-वडिलांशिवाय आजी-आजोबांबरोबर किंवा काकांबरोबर मूल जाणार असेल तर आई-वडिलांचं संमतीपत्र हवंच.

कुठे कुठे फिरणार याचा दिवसवार कागद सक्तीचा नाही, पण जरूर द्या, आणि खरा द्या. विंडसर मंगळवार-बुधवार बंद असतं, ते बघूनच दिवस टाका. आमच्या कागदात किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घरही होतं, बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलेलं. बाबांना टॉवरमधल्या कोहिनूरपेक्षा ते जास्त बघायचं होतं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि ब्रिटिश म्युझियमला नेहमीच्या दालनांसाठी तिकीट नाही, त्यामुळे खर्चाचा अंदाज लिहिताना ते धरू नका.

बायोमेट्रिकला मुंबई किंवा पुण्याच्या सेंटरची अपॉइंटमेंट घेता येते. पाच वर्षांखालच्या मुलांचा फक्त फोटो काढतात, बाकी सगळ्यांच्या दहा बोटांचे ठसे. बाबांची बोटं शेतातल्या कामाने पार गुळगुळीत झालेली, ठसा उमटेना, दोन-तीनदा पुसून परत ठेवायला लागलं. म्हातारी माणसं सोबत असतील तर घाईची वेळ घेऊ नका.

आधी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल तर ते फॉर्ममध्ये लिहाच, लपवलेलं सापडलं तर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. या व्हिसाला नकार आला तर अपील करता येत नाही, कारण वाचून, ती त्रुटी भरून नवीन अर्ज करायचा, फी पुन्हा. आणि व्हिसा मिळाला की नाव, जन्मतारीख आणि व्हिसाच्या तारखा प्रत्येकाच्या त्याच दिवशी तपासा, चूक असेल तर लगेच कळवायची.