टायर तापतो तो आतून

मे महिन्यात समृद्धी महामार्गाने नागपूरला निघण्याआधी घराजवळच्या पेट्रोलपंपावर हवा भरायला थांबलो, तेव्हा तिथल्या मुलाने आपुलकीने सांगितले, "काका, उन्हाळा आहे, पाच-सात पॉइंट कमीच ठेवतो, नाहीतर तापून फुटेल." हा सल्ला मला अनेक ठिकाणी मिळाला आहे. तो चांगल्या हेतूने दिला जातो, आणि तो नेमका उलटा आहे.

हवा तापली की दाब वाढतो, हे शाळेत शिकलेले खरेच आहे. पण तो किती वाढतो, हे मोजून पाहावे. गेजवर दिसणारे ३३ पॉइंट, म्हणजे ३३ पीएसआय, हा वातावरणाच्या दाबाच्या वरचा दाब असतो, म्हणून हिशेब करताना त्यात वातावरणाचे १४.७ मिळवून ४७.७ धरावे लागतात. सकाळी २७ अंश सेल्सिअसला असलेली आतली हवा धावताना ६० अंशांवर गेली, तर केल्विन मापनात ती ३०० वरून ३३३ वर जाते, म्हणजे वाढ ११ टक्के. एकूण दाब सुमारे ५३ होतो आणि गेजवर ३८ दिसतात. ही पाचेक पॉइंटची वाढ टायर बनवतानाच गृहीत धरलेली असते. धडधाकट टायर केवळ दाबाने फुटायला याच्या कितीतरी पट दाब लागतो.

दुसरा गैरसमज असा, की सिमेंटचा रस्ता डांबरापेक्षा जास्त तापतो आणि म्हणून त्यावर टायर फुटतात. फिकट रंगाचे काँक्रीट बरेच ऊन परतवून लावते, त्यामुळे भर दुपारी काळे डांबरच त्याच्यापेक्षा जास्त तापते. बाहेरची उष्णता टायरला लागते हे खरे, परंतु त्याला मारणारी उष्णता तो स्वतःच्या रबरात तयार करतो.

रबरी चेंडू एक मीटर उंचीवरून फरशीवर सोडला आणि तो ७० सेंटीमीटर उसळला, तर उरलेल्या ३० सेंटीमीटरची ऊर्जा बहुतांशी उष्णता होऊन चेंडूत राहिलेली असते. रबर म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या लांबच लांब रेणूसाखळ्या आणि त्यांना जागोजागी बांधून ठेवणारे गंधकाचे पूल. रबर दाबले की या साखळ्या एकमेकींना घासत सरकतात आणि सोडले की जागेवर येतात, पण येताना घेतलेली सगळी ऊर्जा परत करत नाहीत. या तुटीला हिस्टेरिसिस म्हणतात.

आता मोटारीच्या एका चाकावर ३५० किलो भार आहे असे धरू. तो मुख्यतः आतली हवा पेलते. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो, तेव्हा टायरचा जवळपास १५० चौरस सेंटीमीटर, म्हणजे बोटांसकट पसरलेल्या पंजाएवढा, भाग रस्त्याला टेकावा लागतो. हवा २६ वर आणली, तर तोच भार पेलायला १९० चौरस सेंटीमीटर लागतात. ही जास्तीची जागा मिळवण्यासाठी टायर आणखी खाली बसतो आणि त्याची बाजू, म्हणजे साइडवॉल, अधिक वाकते. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर असतो. ताशी १२० किलोमीटर वेगाला तो सेकंदाला १७ फेरे घेतो. साइडवॉलचा प्रत्येक भाग मिनिटाला हजाराहून अधिक वेळा वाकतो, सरळ होतो आणि दर वेळी थोडी उष्णता मागे ठेवतो. रबर उष्णतेचे दुर्वाहक असल्यामुळे ती चटकन बाहेरही पडत नाही. घाटात आणि गावांतून जाताना वेग उतरतो, तेव्हा टायर निवतो. समृद्धीच्या ७०१ किलोमीटरमध्ये तशी उसंत फारशी मिळत नाही.

याहून विलक्षण आहे तो स्थिर तरंग. रस्त्यापासून सुटलेला टायरचा भाग लगेच मूळ आकारात येत नाही. तिथून एक तरंग टायरच्या परिघावर पुढे निघतो. तबल्याची वादी ओढली की पुडी जशी ताणली जाते, तसे टायरचे आवरण हवेच्या दाबाने ताणलेले असते, आणि ताण जितका जास्त तितका त्यातला तरंग वेगाने जातो. हवा कमी असेल तर तरंग मंदावतो. गाडीचा वेग त्या तरंगाच्या वेगाला गाठतो, तेव्हा गाडीच्या बाजूने पाहिले तर तरंग एकाच जागी उभा राहिल्यासारखा दिसतो आणि टायर दर फेऱ्यात त्या वळ्यांतून पिळून निघतो. मग तापमान झपाट्याने चढते, पोलादी तारांच्या पट्ट्यांना धरून ठेवलेले रबर सुटू लागते, आणि आवाज होतो तो अगदी शेवटी.

नायट्रोजन भरल्याने हे टळते, हा प्रचारही तपासून घ्यावा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. नायट्रोजन कोरडा असतो हा त्याचा लाभ, पण दाब तपासण्यातून सुटका होत नाही. नवी गाडी घेताना चाकांखाली लिंबू ठेवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांची काळजी मनापासूनची असते, पण तिचे उत्तर चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते: किती माणसे असताना किती हवा. हा आकडा थंड टायरसाठी असतो, म्हणून हवा सकाळी निघतानाच पाहावी आणि तापलेल्या टायरमधून ती कधीही सोडू नये.

टायर बदलताना मापाच्या पुढचे ८८ एच यांसारखे चिन्ह वाचावे. ८८ म्हणजे ५६० किलो भारक्षमता आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचे चिन्ह घेऊ नये. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे नक्षीच्या पातळीला आले, की खोली १.६ मिलिमीटर उरलेली असते आणि टायर गोटा झाला असे समजावे. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात.

त्या दिवशी मी पंपावरच स्टेपनी बाहेर काढून पाहिली. तिची नक्षी कोरी होती, पण आकडा १४१६ होता, म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा, आणि साइडवॉल अंगठ्याने दाबली तर केसासारख्या बारीक भेगा उघडत होत्या. ती बदलून घेतली आणि त्या मुलाला पट्टी दाखवून चारही टायरांत ३३ पॉइंट भरायला सांगितले.