सांत्वन करायला जातो आणि समजूत घालून येतो

दुःख झालेल्या घरी जाण्याला आपल्या ख्रिस्ती लोकांत 'भेटायला जाणं' म्हणतात. नागपुरात मोहननगरातलं घर असो की जरीपटक्यातलं, चित्र साधारण एकच असतं. अंगणात खुर्च्या, आत सतरंजीवर बाया, कोपऱ्यात फोटो आणि मेणबत्ती. येणारा 'सलाम' म्हणून बसतो. चार-पाच मिनिटं कोणी बोलत नाही. मग ती शांतता कोणाला तरी पेलवत नाही आणि वाक्यं सुरू होतात. 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.' 'रडू नका काकू, ते प्रभूजवळ आहेत.' 'देवाची काहीतरी योजना असेल.'

या माणसांचा हेतू खोटा नसतो. फक्त ते सांत्वन करायला आलेले असतात आणि समजूत घालून परत जातात. दोन्ही कामं प्रेमानंच होतात, दोन्हींत पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, वचनं येतात आणि दोन्हींच्या शेवटी प्रार्थना होते, म्हणून ती एकच वाटतात. फरक हा की समजूत 'का?' या प्रश्नाला उत्तर देते. सांत्वन त्या प्रश्नासोबत बसतं, आणि उत्तराऐवजी सोबत आणि एक वचन देतं.

शास्त्रात हा फरक सगळ्यात उघड दिसतो तो ईयोबाच्या पुस्तकात. ईयोब हा नीतिमान माणूस; मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं एकाएकी गमावलेला. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र दूरवरून आले, ईयोबाला पाहून मोठ्यानं रडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून कोणी एक शब्द बोललं नाही. इथपर्यंत ते उत्तम सांत्वनकर्ते होते. ईयोबानं तोंड उघडून आपल्या जन्मदिवसाला शाप दिला तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. देव अन्याय करत नाही, म्हणजे तुझ्याकडूनच काहीतरी घडलं असणार, असं ते पुढचे कित्येक अध्याय सांगत राहिले. त्यांना वाटत होतं आपण देवाची बाजू राखतो आहोत. पुस्तकाच्या शेवटच्या, ४२व्या अध्यायात देव अलीफजाला म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत. रागानं, रडून, देवाशीच भांडणारा ईयोब बरोबर ठरला आणि देवाची वकिली करणारे चूक ठरले. भेटायला निघण्याआधी प्रत्येकानं हा अध्याय एकदा वाचावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

मराठी शास्त्रात यासाठी एक फार नेमका शब्द आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू जाण्यापूर्वी शिष्यांना 'दुसरा कैवारी', म्हणजे पवित्र आत्मा, देण्याचं वचन देतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मदतीला जवळ बोलावलेला. त्याच धातूपासूनचा शब्द प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात देवाला सर्व सांत्वनाचा दाता म्हणताना वापरतो. कैवार घेणं म्हणजे काय हे मराठी माणसाला समजवावं लागत नाही. समजूत घालणारा देवाचा कैवार घेतो. सांत्वन करणारा शोक करणाऱ्याचा कैवार घेतो, आणि देवाला स्वतःचा बचाव आपल्या मदतीशिवाय करता येतो हे तो जाणून असतो.

याचा अर्थ सांत्वन म्हणजे नुसतं गप्प बसणं असा नाही. ख्रिस्ती सांत्वनात आशा असते, आणि ती शब्दांत सांगावी लागते. पण ती कोणाला, केव्हा? योहान ११ मध्ये नुकत्याच मेलेल्या लाजराच्या दोन बहिणी, मार्था आणि मरीया, वेगवेगळ्या वेळी येशूला भेटतात आणि दोघी तेच वाक्य बोलतात: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्था त्यावर थांबत नाही, पुढे बोलते, देवाजवळ तू काहीही मागितलंस तरी तो देईल असं म्हणते. तिला येशू वचन देतो: पुनरुत्थान व जीवन मीच आहे. मरीया तेच वाक्य बोलून त्याच्या पायाशी कोसळते, रडते. तिला तो एक शब्दही शिकवत नाही. कबर कुठे आहे विचारतो आणि रडतो. काही क्षणांत लाजराला बाहेर बोलावणार हे ठाऊक असूनही रडतो. 'आशा आहे ना, मग रडता कशाला' हे वाक्य याच ठिकाणी खोटं पडतं. पौलानंही थेस्सलनीकाकरांना शोक करू नका असं लिहिलं नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका असं लिहिलं. लोक त्यातलं पहिलं अर्धंच लक्षात ठेवतात.

मग समोर मार्था बसली आहे की मरीया, हे ओळखायचं कसं? 'का' या शब्दाकडे लक्ष द्या. बाई अर्ध्या तासात तीन वेळा 'माझ्याच लेकराला का?' म्हणाली आणि प्रत्येक वेळी तुमच्याकडे न पाहता फोटोकडे पाहून म्हणाली, तर तो प्रश्न नाही, विलाप आहे. स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन ओव्यांत 'किती काळ' हा प्रश्न चार वेळा येतो आणि तिथे उत्तर कोणी देत नाही. अशा वेळी तुमचं काम एवढंच: 'हो ताई' म्हणणं, हात धरणं, पाणी देणं. पण दोन-तीन महिन्यांनी तीच बाई तुम्हाला बाजूला बोलावून, डोळ्यांत पाहून विचारत असेल की बाप्तिस्मा न झालेल्या बाळाचं काय होतं, किंवा आत्ता तो नेमका कुठे आहे, तर तो खरा प्रश्न आहे. तो टाळू नका. पाळकांशी किंवा फादरांशी गाठ घालून द्या. थेस्सलनीकाकरांच्या मंडळीलाही असाच खरा प्रश्न पडला होता, प्रभू येण्यापूर्वी मेलेल्यांचं काय, आणि पौलानं त्याचं नीट उत्तर दिलं. वेळेवर आलेली समजूत ही सेवाच असते.

एक समजूत मात्र पहिल्या दिवसापासून लागते, आणि ती वचनाची नसून डॉक्टरची असते. 'मी रात्रीच मेडिकल हॉस्पिटलला नेलं असतं तर' हा काटा कित्येक घरांत वर्षानुवर्षं सलतो. तिथे 'देवाची वेळ आली होती' म्हणू नका. ज्या डॉक्टरनं उपचार केले त्याला भेटून, कागद समोर ठेवून, काय झालं आणि काय करता आलं असतं हे विचारायला सोबत जा.

आता ती वचनं जी हमखास चुकीच्या जागी लागतात. पहिलं, 'सहन होणार नाही एवढं देव देत नाही'. १ करिंथ १०:१३ मधून हे येतं, पण तिथला विषय दुःख नाही, मोहात पडणं आहे. आधीच्या ओव्या मूर्तिपूजा, व्यभिचार आणि कुरकुर यांबद्दल आहेत. मराठीत घोटाळा जास्त होतो, कारण भाषांतरात 'परीक्षा' शब्द आहे आणि आपण सहजच 'देव परीक्षा पाहतोय' म्हणतो. ऐकणाऱ्या आईला त्याचा अर्थ असा लागतो की मी कमजोर असते तर माझं मूल वाचलं असतं. दुसरं, रोम ८:२८, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरं आहे आणि पुष्कळ विश्वासणारे वर्षभरानंतर स्वतःच्या तोंडानं ते म्हणतात. पण ते शोक करणाऱ्यानं म्हणायचं असतं, आपण त्याच्यावर ठेवायचं नसतं. त्याऐवजी त्याच अध्यायाचा शेवट वाचा, मरण किंवा जीवन आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही. त्यात 'का' नाही, 'कोण' आहे. तिसरं वाक्य तर शास्त्रात नाहीच: 'ती आता देवदूत झाली.' ख्रिस्ती शिकवणीत माणूस मेल्यावर देवदूत होत नाही, माणूसच राहतो, आणि आशा आहे ती देहासह उठण्याची. म्हणून तर आपण देह इतक्या आदरानं मातीत ठेवतो.

पाप, शाप किंवा विश्वास कमी पडला ही कारणं तर कोणी काढूच नयेत. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप याचं की आईबापांचं, आणि येशूनं दोन्ही नाकारलं. शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेले १८ जण इतरांपेक्षा अधिक दोषी नव्हते हेही त्यानंच सांगितलं. आपल्याच शहराच्या ख्रिस्ती इतिहासात पाहा. ज्यांच्या नावानं हिस्लॉप कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळ चढलेला नाला ओलांडताना बुडाले. वय ४५. त्या मरणाचं 'कारण' कोणाला सांगता आलं असतं?

लहान मुलांशी बोलताना आणखी जपावं लागतं, कारण मूल आपलं वाक्य शब्दशः घेतं. 'आजोबा झोपलेत' म्हटलं की मूल रात्री झोपायला घाबरतं. 'देवानं पप्पांना बोलावून घेतलं' म्हटलं की त्याला देवाचाच राग येतो, किंवा आता आईलाही बोलावेल ही धास्ती बसते. सरळ सांगा: 'पप्पांचं शरीर खूप आजारी होतं. ते मेले. आता त्यांना दुखत नाही, ते परत घरी येणार नाहीत. येशू त्यांना विसरलेला नाही, आणि तुला मी शाळेत सोडणार आहे.' शेवटचं वाक्य गाळू नका. मुलाला सगळ्यात आधी तेच हवं असतं.

घरच्या प्रार्थनेत सांत्वनाची समजूत कशी होते तेही सांगायला हवं. प्रार्थना अर्ध्या तासाची पुरे: एक गीत, एक स्तोत्र, पाच-सात मिनिटं बोलणं, छोटी प्रार्थना, पुन्हा एक गीत. 'उपासना संगीता'तलं गीत निवडताना घरच्यांना पाठ असलेलं घ्या, रडताना पुस्तक वाचता येत नाही. स्तोत्र २३ सगळेच वाचतात. १३० किंवा १३ ही वाचून पाहा. बिघडतं केव्हा? बोलणारा मयताला सोडून जमलेल्यांच्या पापांवर येतो तेव्हा, किंवा चार वक्ते ओळीनं बोलतात तेव्हा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत, दोन रात्री न झोपलेल्या विधवेला दीड तास बसवणं हे सांत्वन नाही. उन्हाळ्यात प्रार्थना संध्याकाळी सातनंतर ठेवा आणि दफन सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. घर कोणत्या मंडळीचं आहे हेही विचारून घ्या. शहराच्या सदर भागात कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आहे आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं ऑल सेंट्स. कॅथलिक घरात मयतासाठी प्रार्थना आणि मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) हेच मोठं सांत्वन असतं. बहुतेक प्रोटेस्टंट घरांत मयतासाठी नाही, तर त्याच्या आयुष्याबद्दल आभार आणि मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना होते. पाहुण्यानं तिथे वाद काढू नये.

सांत्वनाचा मोठा भाग हातापायांचा असतो. 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य ऐकायला बरं, पण त्यात काम शोक करणाऱ्यावरच पडतं: काय लागतं ते ठरवा, कोणाला सांगायचं ते ठरवा, मग संकोच गिळून फोन करा. त्याऐवजी ठरलेलं सांगा. 'गुरुवारी अकरा वाजता मनपाच्या झोन ऑफिसात दाखल्यासाठी मी भाऊसोबत जातो.' मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवण्याचं काम दवाखान्याचं, घरी झाला तर घरच्यांचं, आणि मग डॉक्टरचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र आधीच घेऊन ठेवावं लागतं. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे तपासा. ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याचं नाव एक आणि कागदावरचं दुसरं असं पुष्कळदा असतं आणि बँक, विमा, पेन्शन तिथेच अडतात. जेवणाचा डबा न्याल तर वरण, भात, पोळ्या असं साधं न्या, आणि परत द्यावा लागणार नाही अशा भांड्यात.

तिसऱ्या आठवड्यापासून खुर्च्या निघतात, फोन थांबतात. समजूत घालणाऱ्याच्या दृष्टीनं काम तेव्हा संपलेलं असतं. सांत्वन करणाऱ्याचं तिथून सुरू होतं. चाळिसावा दिवस, वाढदिवस, पहिला नाताळ, मृतांच्या स्मरणाचा २ नोव्हेंबर या तारखा मोबाइलमध्ये आजच टाकून ठेवा. अधूनमधून झोप आणि जेवण विचारा. सहा महिने, वर्ष उलटूनही माणूस दिवसचे दिवस त्याच ठिकाणी अडकलेला असेल, कामावर जाणं, मुलांकडे पाहणं सुटलं असेल, तर प्रार्थनेसोबत मानसोपचारतज्ज्ञही हवा. 'मलाही तिकडे जायचंय' असं कोणी म्हटलं तर ते भक्तीचं बोलणं समजून सोडून देऊ नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का, आणि त्या रात्री एकटं ठेवू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही. डॉक्टरकडे जाणं हा विश्वास कमी असल्याचा पुरावा नाही.

आणि मयताचं नाव घ्या. लोक वर्षभर ते टाळतात, जखम उघडेल म्हणून. पण घरच्यांना भीती असते ती सगळे विसरतील याची. २ नोव्हेंबरच्या आधी एवढा मेसेज पुरतो: 'काकू, दोन तारखेला मी सकाळी सातला गाडी घेऊन येतो. फुलं मी आणतो. काकांना शेवंती आवडायची ना?'