जुन्या विद्युत उपकरणांतील ॲस्बेस्टॉस

ॲस्बेस्टॉस हे न जळणारे तंतुमय खनिज. विसाव्या शतकातील इस्त्र्या, टोस्टर, हीटर, प्रोजेक्टर, विद्युत मोटारी व स्विचगिअर (वीजपुरवठा जोडणारी-तोडणारी यंत्रणा) यांत ते निरोधनासाठी सर्रास वापरले जाई, बहुतेक वेळा क्रायसोटाइल म्हणजे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या रूपात. सूत किंवा रबर जिथे जळून जाई तिथे ते टिके. वीज रोखण्यात मात्र ते मुळात कमकुवत. तंतू ओल धरतात आणि त्यांतील मॅग्नेटाइटच्या कणांमुळेही निरोध घटतो. म्हणून ते वार्निश किंवा बिट्युमेनमध्ये मुरवत.

हीटरच्या वायरीवरील विणीचे आवरण, फ्यूजच्या धारकातील विणलेली पट्टी, कॉन्टॅक्टरमधील (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचमधील) ठिणगी विझवणारे कप्पे, सिमेंटमिश्रित पॅनेल ही नेहमीची ठिकाणे. लाकडी रेडिओत आतून छताला चिकटवलेला करडा कागद बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे रेडिओतील तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, आचेपासून लाकूड वाचवण्यासाठी तो लावत.

धोका ठरतो तो तंतू किती घट्ट बांधलेले आहेत यावर. बेकेलाइट (जुने कडक प्लास्टिक) किंवा सिमेंटमधील तंतू कापल्या-घासल्याशिवाय सहसा सुटत नाहीत. कागद, दोरी व वीण यांचे तसे नाही. वारंवार तापून त्यांतील बंधक (तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) जळतो, आणि सुमारे 600 अंश सेल्सियसच्या पुढे खुद्द क्रायसोटाइल ठिसूळ होऊ लागते. मग वायर नुसती वाकवली तरी धूळ झडते. तिच्यातील 3 मायक्रोमीटरहून बारीक तंतू फुप्फुसात खोल जातात. ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसे कडक होण्याचा आजार), फुप्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) अनेक दशकांनंतर उद्भवू शकतो.

नुसत्या नजरेने खात्री होत नाही. काचतंतू बहुधा अधिक चमकतो, पण निर्णय ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. तोवर संशयित वस्तू ॲस्बेस्टॉसचीच समजावी.

शाबूत कागद काढू नये. त्यावर पातळ पीव्हीए डिंकाचा थर द्यावा. वीण उसवली असेल तर वायर सोलत बसू नये, अख्खी बदलावी. आधी वीजजोडणी तोडून कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) रिकामे करावेत, मग साबणाचे थेंब घातलेल्या पाण्याचा बारीक फवारा मारून वीण ओली करावी. तोंडावर पी 3 दर्जाचा, म्हणजे अतिबारीक धूळ अडवणारा, मास्क हवा, कापडी मास्कचा उपयोग नाही. हवेचा झोत, तारेचा ब्रश व घरगुती व्हॅक्यूम पूर्ण वर्ज्य, कारण व्हॅक्यूमच्या साध्या पिशवीतून बारीक तंतू पुन्हा खोलीभर पसरतात. पुसलेली फडकी व कचरा ओला असतानाच दुहेरी जाड प्लास्टिकमध्ये बंद करून घातक कचऱ्यात द्यावा.

पर्याय म्हणून सिलिकॉनचा लेप असलेली काचतंतूची नळी साधारण 180 अंशांपर्यंत चालते, त्यापुढे चिनी मातीचे मणी किंवा अभ्रक वापरावे. सिरॅमिक तंतूचा कागद टाळावा. युरोपीय वर्गीकरणात त्या तंतूची गणना कर्करोगकारक पदार्थांत होते.