पार्श्वभूमी : कॅनडातील आदिवासींची घरे आणि आश्वासनांचा हिशेब

मार्च २०२४ मध्ये कॅनडाच्या महालेखापरीक्षक कॅरेन होगन यांचा फर्स्ट नेशन्सच्या (इन्युइट आणि मेटी सोडून इतर आदिवासी समाजांच्या) घरांविषयीचा अहवाल संसदेत सादर झाला. घरांची तूट २०३०पर्यंत भरून काढण्याचा सरकारचा शब्द होता. मुदतीला सहा वर्षे उरली असताना ८० टक्के गरज तशीच पडून होती. २००३पासून याच प्रश्नावर या कार्यालयाने सरकारचे कान टोचण्याची ही चौथी वेळ.

प्रश्नाचे मूळ १८७६च्या इंडियन ॲक्टमध्ये आहे. रिझर्व्हची, म्हणजे फर्स्ट नेशन्ससाठी राखून ठेवलेली जमीन सरकारच्या मालकीची, राहणाऱ्यांना फक्त वापराचा हक्क. बाहेरच्या सावकाराला तिथली मालमत्ता जप्त करता येत नाही, म्हणून बँक घर गहाण ठेवून घेत नाही. कर्जाला मंत्र्यांची थकहमी लागते. घर कधी उभे राहणार, हे मग कुटुंबाच्या बचतीपेक्षा राजधानी ओटावातल्या अर्थसंकल्पावर ठरू लागले. रिझर्व्हबाहेर, शहरांत राहणाऱ्या आदिवासींसाठी सत्तरच्या दशकात भाड्याच्या घरांची योजना आली खरी, पण १९९३च्या अर्थसंकल्पाने नव्या सामाजिक घरांचा पैसाच थांबवला.

नोव्हेंबर २००५मध्ये केलोना येथे पंतप्रधान पॉल मार्टिन, प्रांतांचे प्रमुख आणि आदिवासी नेते यांच्यात पाच वर्षांसाठी ५१० कोटी डॉलरचा समझोता झाला. त्यात घरेही होती. तीन दिवसांनी मार्टिन यांचे सरकार कोसळले आणि पुढच्या सरकारने तो बाजूला ठेवला. इतक्या जवळ आलेला घास असा गेला, याची हळहळ तिथे अजून ऐकू येते.

२०११च्या हिवाळ्याच्या तोंडावर उत्तर ऑन्टॅरिओतल्या जेम्स बे या उपसागराजवळच्या अट्टावापिस्काट या फर्स्ट नेशन गावाने आणीबाणी जाहीर केली. माणसे तंबूंत आणि धड ऊब नसलेल्या खोपटांत राहत होती. सरकारने काय केले, तर गावाच्या कारभारावर बाहेरचा व्यवस्थापक नेमला. २०१२मध्ये संघीय न्यायालयाने ती नेमणूक अवाजवी ठरवली.

२०१५मध्ये निवडून आलेल्या जस्टिन ट्रूडो यांनी मंत्र्यांना दिलेली कामांची पत्रे जाहीर केली. कोणत्या मंत्र्याकडे कोणते आश्वासन, हे त्यामुळे कोणालाही वाचता येऊ लागले; माझ्या मते ही मोठी गोष्ट होती. २०१७मध्ये सरकारने या आश्वासनांची प्रगती दाखवणारे संकेतस्थळही उघडले. मात्र शेरे सरकारच देणार, आणि त्यात ‘काम सुरू, पण अडचणींसह’ असाही एक शेरा. लावाल विद्यापीठातल्या संशोधकांनी आश्वासनांची नोंद स्वतंत्रपणे ठेवली, ते बरे झाले.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय गृहनिर्माण धोरणात फर्स्ट नेशन्स, इन्युइट (उत्तर ध्रुवीय भागातले आदिवासी) आणि मेटी (आदिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाचा समाज) यांच्यासाठी वेगवेगळ्या योजना ठरल्या. शहरांत, खेड्यांत आणि उत्तरेत विखुरलेल्यांसाठी मात्र वेगळे काहीच नव्हते. अशा १ लाख २४ हजार आदिवासी कुटुंबांना नीट घर नाही, असा अंदाज संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने २०२१मध्ये मांडला. त्याच वर्षी निवडणुकीत लिबरल पक्षाने या लोकांसाठी धोरणाचे आश्वासन दिले. २०२२मध्ये ३० कोटी डॉलर मिळाले, २०२३मध्ये आणखी ४०० कोटी. पण ते सात वर्षांत मिळून, आणि तेही २०२४-२५पासून.

पैसा जाहीर झाला की रकाना भरतो, छत मात्र नंतर येते. म्हणूनच होगन यांचा अहवाल वेगळा आहे. त्यांनी घरे मोजली. मोठ्या दुरुस्तीची गरज असलेल्या घरांचे प्रमाण २०१५-१६मध्ये २०.८ टक्के होते, ते २०२१-२२मध्ये १९.७ झाले. पाडून नव्यानेच बांधावी लागणारी घरे मात्र ५.६वरून ६.५ टक्क्यांवर गेली. वर निधीवाटपासाठी गृहनिर्माण महामंडळ २००१च्या जनगणनेचे आकडे वापरत होते, आणि त्यात अल्बर्टा, सस्कॅचवान व मॅनिटोबा या प्रांतांतल्या समाजांच्या वाट्याला कमी पैसा आला.

मे २०२५मध्ये नवे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी सगळ्या मंत्र्यांना मिळून एकच पत्र दिले. त्यात सात प्राधान्ये आहेत, खातेनिहाय आश्वासनांची यादी नाही.