किनाऱ्याचे चित्र सांगून करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

आपल्या गावचा किनारा, घरामागचा सडा (जांभ्या कातळाचे माळरान) किंवा लहानपणी ज्या खाडीत पोहलो ती खाडी चित्रात हवी म्हणून आमच्या स्टुडिओकडे येणाऱ्यांत मुंबई-पुण्यात आणि परदेशात स्थायिक झालेले कोकणवासी पुष्कळ असतात. चित्राचा आकार, जलरंग की तैलरंग, फ्रेम कशी, हे त्यांनी बहुधा ठरवलेले असते. काम अडते ते फोटोपाशी, आणि सर्वांत जास्त वेळ जातो तो एकाच मागणीमुळे: भर दुपारी काढलेला फोटो पाठवायचा आणि ‘आकाश तेवढे संध्याकाळचे करा’ असे सांगायचे.

असे नुसते आकाश बदलता येत नाही. कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य सह्याद्रीच्या बाजूने वर येतो, समुद्राकडे पाहताना प्रकाश आपल्या पाठीमागून पडतो, त्यामुळे पाणी हिरवट-निळे आणि जांभ्याचा कडा तांबूस दिसतो. संध्याकाळी तोच कडा आपण उजेडाच्या विरुद्ध बाजूने पाहत असतो. त्याचा तांबूसपणा जवळजवळ जातो, तो जांभळट-काळा होतो, आकाशाचा रंग ओल्या पुळणीवर उतरतो आणि लाटेच्या फेसाला फक्त कडेने उजेड राहतो. दुपारी माडाची सावली बुंध्याशी गोळा झालेली असते, तर संध्याकाळी ती लांबत आपल्या दिशेने येते. म्हणजे आकाश बदलले की खडक, वाळू, पाणी आणि सावल्या सगळेच बदलावे लागते, आणि अर्धे झालेले चित्र पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

दुसरी गोष्ट मावळत्या सूर्याच्या जागेची. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य नेमक्या पश्चिमेपासून बराच दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. या दोन टोकांतले अंतर जवळजवळ ५० अंशांचे आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या कोणत्या बाजूला सूर्य उतरणार, हे आपण कोठे उभे आहोत आणि महिना कोणता आहे यावर ठरते. दिवाळीत पाहिलेला सूर्यास्त मे महिन्यातल्या फोटोवर बसवला, तर ज्याने तो किनारा रोज पाहिला आहे त्याला चूक लगेच दिसते, आणि चित्र भिंतीवर लागल्यावर ती दाखवणारे वडीलधारे घरात असतातच.

म्हणून विनंती अशी की मूळ फोटो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. नेहमीच्या पद्धतीने किंवा फॉरवर्ड होत आलेला फोटो लहान होतो आणि तो कधी काढला याची नोंदही निघून जाते. सोबत आपण कोठे उभे होता आणि आपल्याला कोणत्या ऋतूतली, दिवसाची कोणती वेळ आठवते, हे दोन ओळींत लिहावे. आमच्या दृष्टीने ही आठवण फोटोपेक्षा मोलाची आहे, कारण मोबाइलमध्ये मावळतीचे आकाश पांढरे फटक पडते किंवा पुढचा कातळ नुसता काळा येतो. डोळ्याला मात्र दोन्ही दिसलेले असते.

फोटो असताना जागेवर जाण्याचा खर्च का लावता, असे विचारले जाते. जागेवर बसून केलेल्या छोट्या जलरंगी अभ्यासचित्राशिवाय आम्ही मोठे चित्र हाती घेत नाही, आणि हा नियम बदलण्याचा विचारही नाही. १८८०च्या दशकात फ्रान्समधील एत्रता येथे चित्रकार क्लोद मोने एकाच वेळी अनेक कॅनव्हास घेऊन किनाऱ्यावर जात आणि उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बदलत. समुद्रकाठी एकच उजेड जेमतेम अर्धा तास टिकतो, तेवढ्यात रंगांचे नाते टिपून ठेवावे लागते. ते अभ्यासचित्र आम्ही ग्राहकाला मोठ्या चित्राबरोबर, वेगळी किंमत न लावता देतो.

जून ते सप्टेंबर या काळात जागेवरचे काम बंद असते. हवेतल्या दमटपणामुळे कागद सुकत नाही आणि पहिला हात ओला असताना दुसरा चढवला की रंग गढूळ होतात. पावसाळ्यातला समुद्र आणि हिरवा झालेला सडा हवा असल्यास आमच्या जुन्या अभ्यासचित्रांवरून तो करून देऊ. पावसानंतर धुतलेल्या हवेतला स्वच्छ उजेड हवा असेल, तर मागणी गणपतीच्या सुमारास नोंदवावी. तैलरंगाचे चित्र वरून सुकलेले दिसले तरी शेवटचे व्हार्निश साधारण ६ महिन्यांनीच लावायचे असते. त्यासाठी चित्र पुन्हा आणून दिल्यास वेगळे पैसे घेतले जात नाहीत.

ज्यांना थांबणे शक्य नाही, त्यांनी स्टुडिओत येऊन तयार अभ्यासचित्रे पाहावीत. प्रत्येकाच्या मागे जागा, महिना आणि वेळ लिहिलेली असते, आणि बिनफ्रेमचे चित्रही मिळते.